एकवीस निरोगी माणसं

१२ मार्च

ती. मामा,

माझं सगळं बदललं ते गेल्या मंगळवारी सकाळी सव्वाअकराला, प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी. कॉलेजचं दार आपटून बाहेर पडलो तेव्हा नाही, बाबांनी ‘यापुढे तोंड दाखवू नकोस’ म्हटलं तेव्हा नाही, आणि तुमच्या शब्दावर आरोग्य खात्यात चिकटलो तेव्हाही नाही.

झालं असं की मी बर्फाची पेटी घेऊन नमुने द्यायला गेलो. खिडकीच्या आत एक मुलगी. तिनं पेटी उघडली, आत थर्मामीटर घातलं आणि वर न बघताच म्हणाली, “बर्फ वितळलाय. परत न्या.”

मी म्हटलं, “अहो, मी तीन किलोमीटर उन्हातून आलोय.”

“नमुनाही उन्हातूनच आलाय. म्हणून तर बाद झालाय.”

असं कुणी बोललं की माझं डोकं फिरतं, तुम्हाला माहीत आहे. पण मी पेटी उचलली, मुकाट्यानं परत गेलो, नवा नमुना आणि नवा बर्फ घेऊन धावत आलो. तिनं पुन्हा थर्मामीटर घातलं. “आता कसं!” म्हणाली आणि हसली. संपलो, मामा.

तुम्ही काम काय ते विचारलं होतंत. शहरात लिस्टेरिया नावाच्या जंतूचे पंधरा रुग्ण सापडलेत. खाण्यातून जातो. धडधाकट माणसाला फारसं काही होत नाही, पण म्हातारी माणसं मेंदूज्वरानं जातात आणि गरोदर बाईचं मूल पोटातच जातं. पाच जण गेले. डॉक्टरबाई सांगतात, बाकीचे जंतू थंडीत निपचित पडतात, हा फ्रिजमध्येही वाढत राहतो. वर खाल्ल्यापासून आजार दिसेपर्यंत कधी चार दिवस जातात, कधी दोन महिने. म्हणजे चोर घर सोडून गेल्यावर दोन महिन्यांनी चोरी कळायची.

तर रुग्णांकडे, किंवा गेलेल्यांच्या घरी, आमच्या सिस्टर जातात. बासष्ट पदार्थांचा फॉर्म आहे. महिनाभरात हे खाल्लंत का? हो, नाही, आठवत नाही. आणि माझ्याकडे काय, तर निरोगी माणसं! प्रत्येक रुग्णाच्या शेजारपाजारची, त्याच वयाची, त्याच्यासारख्याच अवस्थेतली दोन. म्हणजे तीस. त्यांनाही तेच बासष्ट प्रश्न. ज्यांना काही झालंच नाही त्यांनी काय गिळलं ते विचारत जिने चढायचे. काल एका गृहस्थानं “भीक मागायचे नवे धंदे” म्हणून तोंडावर दार लावलं. मी ते लाथेनं परत उघडलं. मारामारी व्हायची राहिली. आठवडाभरात नऊ फॉर्म झालेत, एकवीस बाकी. हे काम माझ्या डोक्यात जातं.

फोन करत नाही, कारण तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून हे सगळं सांगता येणार नाही. मामीला वाचून दाखवू नका.

तुमचा भाचा

*

१८ मार्च

चि. भडकू, अनेक आशीर्वाद.

पत्र मामीनं आधी वाचलं, मग मला मिळालं. तिचं म्हणणं, मुलगी शहाणी दिसते, तेव्हा तुला होकार देण्याची शक्यता कमी.

बॉयलर आणि शीतगृहांच्या तपासण्या करता करता एकतीस वर्षांत माझे कान गेले, पण डोळे शाबूत आहेत. म्हणून लिहितो, नीट वाच. आजारी माणसांनी काय खाल्लं याला एकट्यानं काही अर्थ नसतो. पंधरापैकी पंधरा आजाऱ्यांनी मीठ खाल्लंय. मग मीठ पकडायचं का? आजाऱ्यांनी खाल्लं आणि तशाच निरोग्यांनी खाल्लं नाही, असं जे निघेल ते पकडायचं. तुझी निरोगी माणसं म्हणजे तराजूचं दुसरं पारडं आहे. तुला हलकं काम दिलेलं नाही, गाढवा. अर्धं काम दिलंय.

दार लावतात, लावू देत. मी आयुष्यभर बंद दारांसमोर उभा राहिलोय. दुसऱ्यांदा जायचं, तिसऱ्यांदा जायचं. लाथ मात्र घालायची नाही. दारं आपटण्यात तू पदवी घेतलीस, तेवढी पुरे. डॉक्टरबाईंनी तुला माझ्या शब्दावर घेतलंय, विसरू नकोस.

तुझा मामा

*

३० मार्च

ती. मामा,

सांगायला दोन गोष्टी आणि दोन्ही आनंदाच्या.

पहिली. तीसच्या तीस फॉर्म पूर्ण! उरलेले एकवीस मी अडीच दिवसांत उडवले. डॉक्टरबाईंनी सगळ्यांसमोर माझे फॉर्म वर धरले. “बघा, एक खाडाखोड नाही, एक रकाना रिकामा नाही. याच्या शेवटच्या एकवीस माणसांत एकदाही ‘आठवत नाही’ नाही. विचारावं तर असं.” सिस्टरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्यांचे फॉर्म ‘आठवत नाही’नं बरबटलेले असतात.

आणि फॉर्मांनी चोर पकडला. आधी सगळ्यांना वाटत होतं की कापलेल्या फळांचा डबा असणार, तो बंद झाकणाचा, खरबुजाच्या फोडींचा, थंड कपाटात विकतात तो. पंधरापैकी बारा रुग्णांनी तो खाल्ला होता. पण निरोग्यांतही तीसपैकी वीस जणांनी खाल्लेला निघाला. म्हणजे तो सगळेच खातात. फळं सुटली. उलट मऊ चीज पंधरापैकी आठ रुग्णांनी खाल्लं होतं आणि निरोग्यांत फक्त दोघांनी. तीन दिवसांपूर्वी डेअरीला सील ठोकलं. मालक दारात उभा राहून “अहो, माझी पोरं हेच खातात” म्हणत होता. असं सगळेच म्हणतात.

दुसरी गोष्ट. खिडकीवालीशी बोलणं चालू आहे. ती मला ‘फॉर्मवाले’ म्हणते. प्रयोगशाळेसमोर झाडाखाली बाक आहे, तिथून तिची खिडकी दिसते. दुपारच्या सुट्टीत ती तिथं येते. आम्ही दोघं मिळून तोच खरबुजाचा डबा खातो, रोज. तिच्या वहिनीला पाचवा महिना आहे आणि तिला दुसरं काही पचत नाही, म्हणून मी एक डबा जास्तीचा घेतो, ती घरी नेते. मधे रुग्णांच्या बातम्या ऐकून ती घाबरली होती. “खरंच देऊ का हो वहिनीला?” असं तिनं मला विचारलं. मामा, आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी काही विचारलं ज्याचं उत्तर माझ्याकडे होतं! मी म्हटलं, “निर्धास्त द्या. आमच्या फॉर्मांनी फळं सोडलीत.” तिनं माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू.

मामीला हे वाचू द्या.

तुमचा भाचा

*

५ एप्रिल

चि. भडकू,

मामीनं वाचलं आणि खूश झाली. मी वाचलं आणि तुझं आधीचं पत्र पुन्हा काढून बसलो.

मला काही गोष्टी सांग. एकवीस घरं अडीच दिवसांत म्हणजे दिवसाला आठ-नऊ. पहिली नऊ करायला तुला आठवडा लागला होता. नंतरच्या एकवीस जणांपैकी एकानंही दार लावलं नाही? एकही बाई “दूध उतू जातंय, नंतर या” म्हणाली नाही?

आणि दुसरं. परवा सकाळी तू काय खाल्लंस ते तुला आठवतं का? मला आठवत नाही. मामीला माझं आठवतं, स्वतःचं नाही. महिनाभरातले बासष्ट पदार्थ विचारले तर जिवंत माणूस निदान दहा वेळा “आठवत नाही” म्हणतो. एकतीस वर्षांत मी न विसरणारं माणूस पाहिलेलं नाही. तुला एकदम एकवीस भेटली.

डॉक्टरबाई हुशार आहेत, पण त्या दमलेल्या आहेत आणि दमलेल्या माणसाला स्वच्छ कागद आवडतो.

तुझ्यावर आरोप करत नाही. विचारतोय. उत्तर लगेच दे.

तुझा मामा

*

११ एप्रिल

मामा,

वाटलं होतं, निदान तुम्ही तरी माझ्या बाजूनं असाल. बाबांना मी बिनकामाचा वाटलो, मास्तरांना उद्धट वाटलो, आता तुम्हाला खोटारडा वाटतो. एक काम धड केलं तर तेही बघवत नाही कुणाला. लोक होते घरी. होती त्यांची स्मरणशक्ती चांगली. मी काय करू?

यापुढे असली पत्रं पाठवू नका.

*

९ मे

मामा,

महिनाभर लिहिलं नाही. तुम्हीही लिहिलं नाहीत. आता लिहितोय कारण दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही.

काल दुपारी मी नमुन्यांची पेटी घेऊन खिडकीशी उभा होतो. माझ्या पुढे रुग्णालयाचा माणूस होता. त्यानं रक्ताची नळी आत सरकवली. तिनं नेहमीसारखं वहीत नाव लिहायला घेतलं. आडनाव लिहिलं आणि थांबली. चिठ्ठी पुन्हा वाचली. मग पूर्ण नाव लिहिलं, वेळ लिहिली, सही केली, नळी जागेवर ठेवली आणि खिडकी बंद केली.

ती नळी तिच्या वहिनीची होती. दोन दिवस ताप होता, म्हणे. सकाळी बाळाचे ठोके लागेनात. सहा महिने पुरे झाले होते.

मामा, ते एकवीस फॉर्म मी बाकावर बसून भरले. त्या दारावाल्याशी भांडण झालं त्याच्या पुढच्या आठवड्यात मी जिने चढायला निघालो आणि पाय त्या बाकाकडे वळले. वाटलं, निरोगी माणसांनी काय खाल्लं याचं कुणाला काय पडलंय? नावं मतदार यादीतून घेतली. पण बासष्ट उत्तरं कुठून आणायची? मग मी स्वतःचंच जेवण एकवीस जणांत वाटून टाकलं. मला चीज आवडत नाही, म्हणून चीजला ‘नाही’. समोर डबा उघडा होता, काटा तिच्या हातात होता, म्हणून खरबुजाला ‘हो’. ‘हो’, ‘हो’, ‘हो’. सगळे ‘हो’ नको दिसायला म्हणून कुठे कुठे बदलला आणि बाईंची शाबासकी मिळवली.

डेअरी बंद होऊन सहा आठवडे झाले. रुग्ण येतच आहेत. बाई म्हणतात, जुनं खाल्लेलं आता उगवतंय, दोन महिन्यांपर्यंत असं चालणार. सगळे माना डोलावतात. मीही डोलावतो.

आम्ही दोघं ठणठणीत आहोत. आम्हाला काय होणार? तरुण, धडधाकट. आम्ही रोज खाल्लं.

काय करू ते सांगा. आज झोपडीएवढ्या या खोलीत भिंती अंगावर येतात.

*

१० मे, बसच्या ड्रायव्हरच्या हाती

तुझं पत्र सकाळी मिळालं. हे उत्तर टपालात टाकत नाही. आमच्या इथून दुपारची बस तुमच्याकडे जाते, ड्रायव्हर ओळखीचा आहे, तो खोलीवर आणून देईल.

पहिली गोष्ट, तू हे मला का लिहिलंस? डॉक्टरबाईंचा दरवाजा तुझ्या खोलीपासून पंधरा मिनिटांवर आहे. टपालात एक दिवस गेला. त्या दिवसात किती डबे खपले? रडणं नंतर. हे वाचलंस की उठायचं आणि जायचं. आधी बाईंकडे, कारण डबे आज विकले जातायत. तिच्याकडे त्यानंतर. तिला तोंड दाखवायची तुला घाई असेल किंवा भीती असेल, दोन्ही बाजूला ठेव.

दुसरी गोष्ट तू विचारलेली नाहीस, तरी सांगतो. ५ एप्रिललाच मला खात्री झाली होती. तू चिडून लिहिलंस तेव्हा तर शंकाच उरली नाही. मी बाईंना दोन ओळी लिहू शकत होतो. पाकीट आणलं, पत्ता घातला आणि कपाटात ठेवून दिलं. मनात आलं, माझ्या शब्दावर पोराला घेतलंय, एकतीस वर्षं जपलेला शब्द आहे. मनात आलं, चीज असेलही कदाचित. ते पाकीट अजून कपाटात आहे. मामीला आज दाखवलं. ती माझ्याशी बोलत नाही, आणि मला पहिल्यांदाच ते ऐकू येतंय.

तू एकटा नाहीस, याचा आधार वाटून घेऊ नकोस. जा.

मामा

*

२० मे

ती. मामा,

तुमची चिठ्ठी मिळाली तशी गेलो. बाई घरी निघाल्या होत्या, पर्स खांद्यावर होती. मी उभ्या उभ्या सांगितलं. त्यांनी पर्स खाली ठेवली, कपाटातून तीस फॉर्म काढले आणि मला काही न विचारता वेगळे करायला लागल्या. चुरगळलेले, घामाचे डाग पडलेले, ‘आठवत नाही’ असलेले एका बाजूला. स्वच्छ दुसऱ्या बाजूला. “हे नऊ. बरोबर?” मी मान हलवली. मग त्यांनी त्या नऊ कागदांवर बोट फिरवत खरबूज मोजलं.

“नऊपैकी एक,” म्हणाल्या. “आजाऱ्यांत पंधरापैकी बारा आणि निरोग्यांत नऊपैकी एक. लहान पोरसुद्धा सांगेल रे.”

ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मलाही ओरडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुकानांतून डबे उचलले. फळं कापायच्या खोलीत, सुऱ्यांखालच्या पट्ट्याच्या सांध्यात जंतू सापडला. रुग्णांतला जंतू आणि तो, दोन्ही एकच. तीस मार्चनंतर अकरा जणं आजारी पडली. त्यांतली तीन गेली. शिवाय दोन बाळं, पोटातच. मी यादी मागून घेतली, नकलून काढली, आता तोंडपाठ आहे. त्यात ‘आठवत नाही’ म्हणायची सोय नाही.

डेअरीचं सील काढायला मलाच पाठवलं, शेवटचं काम म्हणून. मालकानं मी कोण ते ओळखलं नाही. पाणी विचारलं. प्यायलो.

नोकरी गेली ते सांगायला नकोच. बाईंनी माझ्याकडून सगळं लिहून घेतलं, सही घेतली. पुढे काय ते वरचे ठरवतील. निघताना एवढंच म्हणाल्या, “तुझ्या मामांचं पत्र आलं. सहा आठवडे उशिरा.” म्हणजे पाकीट कपाटातून निघालं तर.

तिच्याकडे मात्र मी अजून गेलो नाही. पाच वेळा गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत आलो. आज सकाळी दाराखालून तिची चिठ्ठी आली. जशीच्या तशी उतरवतो.

“फॉर्मवाले, मी रजेवर आहे. वहिनी घरी आली, पण बोलत नाही. खरबुजाचं पेपरात आलं तेव्हापासून आई तिला घालून पाडून बोलते. जिभेचे चोचले, पोटात पोर असताना बाहेरचं खायला लाजली नाही, असं. दादा ऐकून घेतो आणि ताटावरून उठून जातो. वहिनी डोकं खाली घालून बसते, तिलाही तसंच वाटायला लागलंय. मी सांगते की खात्यानंच फळं चांगली ठरवली होती, पण माझं कोण ऐकतं? तुम्ही या आणि सांगा. तुम्ही खात्यातले, तुमचं आई ऐकेल. आणि तुम्ही डबे आणलेत म्हणून स्वतःला लावून घेऊ नका. तुम्हाला तरी काय माहीत होतं?”

मामा, सकाळपासून ही चिठ्ठी घेऊन बसलोय. यात एक वाट आहे. जायचं, म्हणायचं, “खात्याची चूक झाली, तुमच्या सुनेची नाही.” ते खोटंही नाही. आई गप्प होईल, वहिनी मान वर करेल, आणि ही माझ्याकडे पुन्हा तशीच बघेल. कोणत्या डब्यानं घात केला हे तर कुणालाच कळणार नाही. माझ्या फॉर्मांच्या आधीचा असेल, नंतरचा असेल. हा विचार मी शंभर वेळा करून बघितला. दर वेळी सुटल्यासारखं वाटतं आणि दर वेळी तिचा प्रश्न ऐकू येतो. खरंच देऊ का हो वहिनीला?

मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं की माझं सगळं बदललं ते मंगळवारी सव्वाअकराला, खिडकीपाशी. ते खोडा. बाकावर, पहिल्या कागदावर, खरबुजापुढे खूण केली तेव्हा. वेळ बघितली नव्हती.

मी सगळं सांगणार आहे. आईसमोर, दादासमोर, आणि वहिनीकडे बघून. ‘खात्यानं’ म्हणणार नाही, ‘मी’ म्हणणार आहे. दादा मारेल बहुतेक. मी हात उचलणार नाही, हे तुम्हाला आत्ताच लिहून देतो. ती काय करेल ते माहीत नाही. खिडकी बंद केली तशी करेल.

मामीला नमस्कार. ती तुमच्याशी बोलायला लागली का, ते कळवा.

तुमचा भाचा

(पाकिटाच्या मागच्या बाजूला)

पाकीट चिकटवल्यावर आठवलं, म्हणून इथं लिहितो, उभ्यानं, उंबऱ्यात. खोलीच्या खिडकीत आम्ही दोघांनी खाल्लेल्या खरबुजाचा एक रिकामा डबा होता, धुऊन ठेवलेला. तो बरोबर घेतलाय. का घेतला ते माहीत नाही. चपला घातल्या. पत्र वाटेत पेटीत टाकतो. दार आपटत नाहीये, मामा. नुसतं लावतोय.